संसारांतले हिशेब : पत्रिकेचें वय आणि पेन्शनीचें वय

अकोल्याच्या एका भगिनीचें पत्र या वेळीं आम्ही आरंभींच देत आहों. कारण त्यांच्या घरीं जो घोळ झाला तो वऱ्हाडांतल्या पुष्कळ घरीं होतो, आणि तो उघडकीस येतो तो बहुधा उपाय करण्याची वेळ टळून गेल्यावर. त्या लिहितात :

"आमचे यजमान येथील एका सरकारी कचेरींत १९९५ सालीं कारकून म्हणून लागले. पुढें निवृत्त होणारांची यादी कचेरींत निघाली, तींत त्यांच्या नांवापुढें ३० जून २०२८ ही तारीख पाहून घरांत सर्वांनाच धक्का बसला. त्यांचा जन्म शके १८९२ च्या कार्तिक शुद्ध द्वादशीचा. अंगणांत तुळशीचें लग्न लागत होतें तेव्हां हा झाला, असें सासूबाई अजून सांगतात. त्या हिशेबानें अठ्ठावन्न वर्षें दिवाळीनंतर पुरीं व्हावयाचीं. थोरल्या जाऊबाई ऑक्टोबर म्हणतात, आम्ही नोव्हेंबर म्हणतों. पण जून आला कोठून? घराच्या कर्जाचे हप्ते आम्हीं नोव्हेंबरच्या पगारापर्यंत बसवून घेतले आहेत, आणि मुलाचें इंजिनियरिंगचें शेवटचें वर्ष अमरावतीस त्याच जुलैंत सुरू होणार. पत्रिका दाखवून ही चूक दुरुस्त करून घेतां येईल काय? सासूबाईंचीही एक शंका आहे. षष्ट्यब्दि मग कोणत्या तारखेनें करावी?"

मुख्य प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर 'नाहीं' असें आहे. परंतु नुसत्या नकारानें कोणाचें समाधान होत नाहीं. शिवाय या घरावर जें संकट आल्यासारखें वाटत आहे तें नीट मोजलें असतां पुष्कळ लहान निघतें. म्हणून थोडें सविस्तर लिहितों.

आपल्या घरांतून एकाच माणसाचीं तीन वयें नांदत असतात. पहिलें आजीबाईंचें. त्या 'अठ्ठावन्नावें लागलें' असें म्हणतात, आणि ऐकणारा 'अठ्ठावन्न झालीं' असें समजतो. वस्तुतः अठ्ठावन्नावें लागलें म्हणजे सत्तावन्न पुरीं झालीं. येथेंच एका वर्षाचा फरक पडतो. सरकार सर्वत्र पुरीं झालेलीं वर्षें मोजतें, लागलेलें वर्ष मोजीत नाहीं. ही गोष्ट सुशिक्षित माणसांनाही बोलण्याच्या ओघांत विसरायला होतें.

दुसरें वय पत्रिकेचें. त्याचा घोळ निराळा. तिथि आणि इंग्रजी तारीख दर एकोणीस वर्षांनीं जवळजवळ पुन्हां एकत्र येतात. एकोणीस त्रिक सत्तावन्न. म्हणून सत्तावन्नाव्या वाढदिवसाला दोन्ही जुळतात आणि माणसाला वाटतें कीं आपला हिशेब बिनचूक आहे. पुढच्याच वर्षीं त्या पुन्हां फांकतात. या भगिनींच्या यजमानांचेंच पाहा. शके १८९२ ची कार्तिक शुद्ध द्वादशी नोव्हेंबर १९७० च्या दुसऱ्या आठवड्यांत पडली होती. २०२८ सालीं तीच तिथि ऑक्टोबरच्या अखेरीस येते. तेव्हां ऑक्टोबर म्हणणाऱ्या जाऊबाई तिथीनें मोजीत आहेत, नोव्हेंबर म्हणणाऱ्या आपण तारखेनें मोजीत आहां, आणि आपापल्या जागीं दोघीही बरोबर आहां. कचेरीला मात्र दोन्हींशीं कर्तव्य नाहीं.

कचेरी पाहते तें तिसरें वय, शाळेचें. पत्रांत लिहिलेलें नसलें तरी यजमानांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९७० ही तारीख असली पाहिजे, हें आम्ही न पाहतां सांगूं शकतों. १९७६ च्या पावसाळ्याच्या तोंडीं आजोबा नातवाचा हात धरून शाळेंत गेले असतील. त्या दिवशीं त्याला सहावें वर्ष चालू होतें, पुरें झालें नव्हतें. वर्ष कां फुकट घालवावयाचें, या विचारानें आजोबांनीं गळ घातली असेल, आणि गुरुजींनीं सहा वर्षें बरोबर पुरीं होतील अशी तारीख रजिस्टरांत मांडली असेल. महाराष्ट्राच्या इतर भागांत १ जून हा अशा रीतीनें हजारों लोकांचा जन्मदिवस झालेला आहे. विदर्भांत उन्हाळ्यामुळें शाळा उशिरां उघडत, म्हणून आपल्याकडे १ जुलै ही तारीख वारंवार दिसते. खेड्यांतून येणाऱ्या बापाला 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं झाला' किंवा 'सरकी पेरली तेव्हां' याहून अधिक सांगतां येत नसे. ब्राह्मण घरांत पेटींत पत्रिका असे, पण ती शाळेंत न्यावी असें कोणाच्या मनांत येत नसे. मॅट्रिकच्या दाखल्यावर तीच तारीख उतरली, त्यावरून सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर, आणि तेथून ती आतां यादींत आली.

आतां १ जुलैचा ३० जून कसा झाला हें पाहूं. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ सालचे आहेत. त्यांप्रमाणें राज्य सरकारच्या अ, ब व क या गटांतील नोकराला ५८ वर्षें पुरीं होतील तेव्हां निवृत्त व्हावें लागतें; ड गटाला, म्हणजे शिपाई वगैरे मंडळींना, ही मर्यादा ६० आहे. निवृत्ति जन्मतारखेच्या दिवशीं होत नाहीं. ज्या महिन्यांत वय पुरें होतें त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं कचेरी सुटल्यावर होते. म्हणजे २ जुलैला जन्मलेला आणि ३० जुलैला जन्मलेला हे दोघेही ३१ जुलैलाच घरीं येतात. परंतु ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो मागल्या महिन्याच्या अखेरीस निघतो. एका दिवसाच्या फरकानें एका महिन्याचा पगार जातो तो असा.

यांत अन्याय आहे असें प्रथम वाटतें, पण हिशेब सरळ आहे. कायदा जन्माचा दिवस पुरा एक दिवस म्हणून धरतो, मग मूल रात्रीं अकराला कां जन्मेना. १ जानेवारीला सुरू झालेलें वर्ष ३१ डिसेंबरला संपतें, १ जानेवारीला नव्हे. त्याचप्रमाणें १ जुलैला सुरू झालेलें आयुष्याचें वर्ष ३० जूनच्या रात्रीं संपतें. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यांत वय मोजण्याची रीत हीच सांगितली आहे. राजस्थानांतल्या एका उमेदवाराला ही रीत फार महाग पडली. जन्म २ जानेवारी १९५६ चा. १ जानेवारी १९८४ रोजीं २८ वर्षें पुरीं झालेलीं नसावींत, अशी परीक्षेची अट. आपल्याला एक दिवस बाकी आहे असें त्याला वाटत होतें. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं १ जानेवारीचा दिवस संपला त्याच क्षणीं त्याचीं २८ वर्षें पुरीं झालीं, आणि तो अपात्र ठरला.

अमरावतीच्या एका वाचकांनीं मध्यंतरीं कळविलें होतें कीं अमेरिकेंत असलेल्या त्यांच्या व्याह्यांना तेथील सरकारी पेन्शनीच्या बाबतींत असाच विलक्षण अनुभव आला. त्या देशांत पूर्ण पेन्शनीचें वय जन्मसालावर अवलंबून असतें. १९४३ पासून १९५४ पर्यंत जन्मलेल्यांना ६६ वर्षें. पुढें दर सालीं दोन-दोन महिने वाढत १९५९ वाल्यांना ६६ वर्षें १० महिने, आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ६७ वर्षें. व्याह्यांचा जन्म १ जानेवारी १९६० चा. त्यांनीं ६७ धरलें होतें, आणि कचेरीनें ६६ वर्षें १० महिने सांगितले. कारण तेथेंही १ जानेवारीला जन्मलेला माणूस मागल्या सालचा समजतात, आणि कोणत्याही महिन्याच्या १ तारखेचा मागल्या महिन्याचा. दोन्ही देशांनीं वय मोजण्याची ही रीत इंग्रजी कायद्यापासूनच घेतलेली. फरक एवढाच कीं व्याह्यांचा तींत दोन महिन्यांचा लाभ झाला आणि आपल्या अकोल्याच्या गृहस्थांचा तोटा.

वयाची मर्यादा सर्व नोकऱ्यांना एक नाहीं, हेंही एकत्र कुटुंबांत ध्यानांत ठेवावें लागतें. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळीं, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या अमदानींत, पंचावन्नाव्या वर्षीं माणूस पेन्शनींत निघे. १९२२ पासून लागू झालेल्या सरकारी मूलभूत नियमांतली सर्वसाधारण मर्यादा तीच होती. केंद्र सरकारनें १९६२ च्या अखेरीस ती ५८ केली आणि १९९८ च्या मे महिन्यांत ६०. महाराष्ट्र सरकार ५८ वर राहिलें. म्हणून एका वाड्यांत दोन भाऊ असले, एक अमरावतीच्या कलेक्टर कचेरींत आणि दुसरा अकोल्याच्या टपाल कचेरींत किंवा बडनेऱ्यास रेल्वेंत, तर पाठचा भाऊ नोकरींत असतांना थोरला दोन वर्षें अधिक घरीं बसलेला दिसतो. कलेक्टर कचेरींतल्या त्या थोरल्या भावाच्याच टेबलाशीं चहा आणून देणारा शिपाईही साठीपर्यंत नोकरींत राहतो, याची गंमत त्याला वाटावी कीं खंत, हें ज्याचें त्यानें ठरवावें. राज्यांतही ६० करावेत अशी मागणी अधिकारी व कर्मचारी मंडळी वरचेवर करीत असतात. ती मान्य होईल या भरंवशावर कर्जाचा एक हप्ताही कोणी पुढें ढकलूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. शासननिर्णय हातीं येईपर्यंत ५८ धरावेत.

आतां दुरुस्तीविषयीं. सेवापुस्तकांतली जन्मतारीख बदलून मागण्याची मुदत महाराष्ट्राच्या १९८१ च्या सेवाशर्तींच्या नियमांत नोकरींत लागल्यापासून पांच वर्षें इतकी ठेवली आहे. यजमान १९९५ सालीं लागले; ती मुदत २००० सालींच संपली. मुदतींत अर्ज करणारालाही भक्कम पुरावा लागतो. पत्रिका हा तसा पुरावा नव्हे. २००५ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें वय सिद्ध करण्याच्या कामीं पत्रिका हा फार दुबळा आधार असल्याचें म्हटलें आहे, आणि आपण आपल्या मनाशीं प्रामाणिक राहिलों तर तें खोटें नाहीं. पत्रिका केव्हां लिहिली, कोणीं लिहिली, तिची नक्कल केव्हां झाली, हें सांगणारा माणूस पन्नास वर्षांनीं कोठून मिळणार? त्यापेक्षां विदर्भांत जुन्या 'कोतवाल बुकां'ना अधिक वजन आहे. गांवच्या कोतवालानें जन्ममृत्यूच्या नोंदी त्या त्या दिवसांत लिहून ठेवलेल्या, आणि त्यांची नक्कल तहशील कचेरींतून मिळते. पण तेथेंही बहुधा बापाचें नांव आणि पुढें नुसतें 'मुलगा' एवढेंच असतें. पाठोपाठच्या दोन भावांतला हा कोणता, हा प्रश्न राहतोच.

तारीख खरी कोणती आणि लिहिलेली कोणती, या झगड्यांत मोठ्या माणसांचेंही कांहीं चालत नाहीं. माजी सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचा जन्म पुण्याच्या लष्करी इस्पितळांतला. मॅट्रिकच्या दाखल्यावर १० मे १९५१. परंतु पोरवयांत भरलेल्या सैनिकी प्रबोधिनीच्या प्रवेशअर्जावर १० मे १९५०. सेनाप्रमुखपदीं असतांना हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. फेब्रुवारी २०१२ मध्यें न्यायालयाचा रोख सरकारचा निर्णय न बदलण्याकडे दिसल्यावर त्यांनीं अर्ज मागें घेतला, आणि १९५० धरून ३१ मे २०१२ रोजीं ते निवृत्त झाले. ज्यांच्या हाताखालीं लाखों सैनिक होते त्यांना पंधरा वर्षांच्या मुलानें भरलेल्या कागदापुढें थांबावें लागलें. तेव्हां आमच्या भगिनींनीं वकिलाच्या पायऱ्या झिजवूं नयेत. त्या पैशांतून मुलाच्या फीचा एक हप्ता भागेल.

यांत आणखी एक बाजू आहे, ती बोलायला कडू आहे पण बोलली पाहिजे. चार महिने अगोदरची तारीख लिहिली म्हणूनच यजमान १९७६ सालीं शाळेंत बसले. खरी तारीख लिहिली असती तर एक वर्ष थांबावें लागतें. मॅट्रिक एक वर्ष मागें पडती, आणि १९९५ ची नेमणूक त्यांच्या वाट्याला येती किंवा न येती. आजोबांनीं त्या दिवशीं चूक केली असें आम्हांला म्हणवत नाहीं. त्यांनीं उसने घेतले होते, ते आतां फेडावयाचे आहेत.

किती फेडावयाचे? हें मोजल्याशिवाय घरांत रडारड करूं नये. सोईसाठीं शेवटचें मूळ वेतन ५०,००० रुपये धरूं. यजमान १९९५ सालीं लागलेले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पूर्वींचे; त्यांना जुनी पेन्शन आहे. वीस वर्षांहून अधिक नोकरी झाली असल्यानें शेवटच्या वेतनाच्या निम्मी, म्हणजे २५,००० रुपये, ही पूर्ण पेन्शन मिळेल. चार-पांच महिने नोकरी कमी झाल्यानें त्यांत कांहीं घट होत नाहीं. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत पांच महिने पगार बुडाला, हें खरें. पण त्याच पांच महिन्यांत पेन्शन मिळणार आहे. म्हणजे दरमहा मूळ वेतनांतले २५,००० कमी पडले, पांच महिन्यांचे सव्वा लाख. त्यावरचा महागाई भत्ता आणि पगाराबरोबर जाणारा घरभाडे भत्ता वेगळा. पांच पगार गेले असें घरांत वाटत आहे, प्रत्यक्षांत अडीच पगारांहून थोडें अधिक गेले. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम तर पांच महिने आधीं हातीं यावयाची.

आणि ३० जूनला निघणारांच्या पदरांत अलीकडे एक गोष्ट पडली आहे. सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक वेतनवाढीचा दिवस १ जुलै ठरला. १ जुलैला जन्मलेले लोक ३० जूनला निवृत्त होत. वर्षभर काम केलेलें असे, आणि वेतनवाढ लागण्याच्या आदल्या संध्याकाळीं ते नोकर नसत. गुरुजींनीं दिलेल्या त्या तारखेचा हा दुसरा दंड होता. ११ एप्रिल २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कर्नाटकांतील वीज महामंडळाच्या प्रकरणांत निर्णय दिला कीं वर्षभराची सेवा करून ती वेतनवाढ मिळविलेली आहे, तेव्हां दुसऱ्या दिवशीं तो नोकरींत नाहीं एवढ्यावरून ती नाकारतां येणार नाहीं. त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनेंही ३० जूनला निवृत्त होणारांना ही वेतनवाढ काल्पनिक धरून पेन्शन काढण्याचें मान्य केलें. वेतनवाढ ३ टक्क्यांची. ५०,००० चे ५१,५०० धरले तर पेन्शन २५,००० ऐवजीं २५,७५० होते. साडेसातशें रुपये दरमहा, अधिक त्यावरील महागाई भत्ता. आणि हें आयुष्यभर, पुढें कुटुंब पेन्शनीच्या हिशेबांतही उपयोगी. यजमान आणखी वीस वर्षें जगले, आणि सासूबाईंचें आयुष्य पाहतां जगतीलच, तर मूळ रकमेचे एक लाख ऐंशी हजार होतात. जे सव्वा लाख गेल्याचा शोक चालला आहे त्यांहून हे अधिक आहेत. अर्थात् २ जुलैच्या जन्माचा माणूस ही वेतनवाढ प्रत्यक्ष घेऊनच निघतो. त्याच्याशीं तुलना करूं नये. पण पेन्शनीचे कागद पुढें जातील त्या वेळीं या काल्पनिक वेतनवाढीची नोंद त्यांत आहे ना, हें यजमानांनीं स्वतः डोळ्यांनीं पाहावें. कचेरींत हें आपोआप होतें असें समजण्याइतका भोळेपणा तीस वर्षें कारकुनी केलेल्या माणसाला शोभणार नाहीं.

कागदांविषयीं इतकेंच सांगतों. निवृत्तीच्या दोन वर्षें आधीं कचेरीनें सेवापुस्तक तपासण्यास घ्यावें आणि सहा महिने आधीं प्रकरण महालेखापालांकडे जावें, असा नियम आहे. अमरावती व अकोला येथील राज्य सरकारी नोकरांचीं प्रकरणें नागपूरच्या महालेखापाल कार्यालयांत जातात. तेथून आक्षेप लागून परत आलेला कागद पुन्हां जाईपर्यंत महिने लोटतात, आणि आक्षेप बहुधा जुन्याच गोष्टींचे असतात : एखाद्या रजेची नोंद नाहीं, एखाद्या बदलीच्या वेळच्या सेवेची पडताळणी नाहीं, वेतननिश्चितीवर सही नाहीं. अंतिम पेन्शन वेळेवर मंजूर झाली नाहीं तर तात्पुरती पेन्शन मागतां येते; ती मागावी लागते, हें विसरूं नये.

घरांत १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा त्यानंतर नेमलेलीं मुलें-सुना असतील तर त्यांच्या निवृत्तीच्या वयाचा हिशेब वरच्यासारखाच करावा. रकमेचा हिशेब मात्र सर्वस्वीं निराळा आहे, आणि त्याला स्वतंत्र लेख लागेल. ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वीं निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयानें जुन्या पेन्शनीचा पर्याय एकवार देण्यांत आला होता, एवढी नोंद येथें पुरे.

जे पूर्वींच पेन्शनर झाले आहेत त्यांनाही जन्मतारीख सोडीत नाहीं. ८० वर्षांच्या वयापासून पेन्शनींत जादा वाढ मिळते, ती याच सेवापुस्तकांतल्या तारखेवरून. येथें आजीबाईंचा 'लागलें' आणि सरकारचा 'पुरें झालें' यांचा जुना तंटा पुन्हां उभा राहिला. २०१८ सालीं गौहाटी उच्च न्यायालयानें एका निवृत्त न्यायाधीशांच्या प्रकरणांत, न्यायाधीशांच्या पेन्शनीच्या कायद्यापुरतें, ऐंशीवें वर्ष लागतांच ही वाढ द्यावी असें ठरविलें. इतर पेन्शनरांनीं मात्र एवढ्यावरून ७९ पुरीं होतांच कोषागारांत जाऊन हुज्जत घालूं नये. तेथें अद्याप पुरीं ऐंशींच मोजतात.

तरुण वाचकांपैकीं जे नुकते नोकरींत लागले असतील त्यांनीं पहिल्या पांच वर्षांत एकदां सेवापुस्तक मागून आपली जन्मतारीख जन्माच्या दाखल्याशीं ताडून पाहावी. घरांत नवें मूल आलें असेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला बारशाच्या आधीं आणावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतींत शाळाप्रवेशाला आणि सरकारी नेमणुकीला जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच दाखला चालतो. आजोबांना गुरुजींकडे गळ घालण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

राहतां राहिले पत्रांतले दोन व्यावहारिक प्रश्न. कर्जाचे जुलै ते नोव्हेंबरचे पांच हप्ते पेन्शनींतून ओढूं नयेत. बँकेला आतांच लेखी कळवून मुदत जून २०२८ वर आणावी. हप्ता थोडा वाढेल, पण पगार चालू असतां वाढेल. तें न जमल्यास राहिलेलें कर्ज ग्रॅच्युइटींतून एकदम फेडावें. मुलाची फी जुलैंत भरावयाची आहे, आणि निवृत्तीच्या रकमा कागद वेळेवर गेले तरी लगेच हातीं येतील असें धरतां येत नाहीं. म्हणून ती तेवढी आजपासून दरमहा बाजूला काढावी. ही बाजूला काढलेली रक्कम भगिनींच्या स्वतःच्या खात्यांत असावी. यजमान त्यावर रागावले तर आमचें नांव सांगावें.

सासूबाईंची शंका मात्र निर्विवाद सोडवितां येते. षष्ट्यब्दीला कचेरीचा दाखला लागत नाहीं. शके १८९२ साधारण नाम संवत्सर होतें. साठ वर्षांनीं तेंच नांव फिरून शके १९५२ ला येतें. त्या वर्षाच्या कार्तिक शुद्ध द्वादशीला, म्हणजे नोव्हेंबर २०३० मध्यें, तुळशीच्या लग्नाच्याच दिवसांत साठ वर्षें पुरीं होतात. यजमानांना पेन्शनर होऊन तेव्हां दोन वर्षें चार महिने झालेले असतील. कर्ज फिटलेलें असेल, आणि मुलगाही मिळवता झाला असल्यास खर्च त्याच्याकडे लावावा.